सगळ्या सोलापूरचं एक आमेन

भवानी पेठ, सोलापूर
आयतवार, भक्तीवरनं आल्यावर

प्रिय गोजरआत्या,

तुला तुझ्या अपेक्षाचा, तुझ्या जावयाचा आन पिंकीचा प्रभूच्या नावानं सलाम. (पिंकीला आता सलाम करता येतो. हात कपाळापत्तर पोचत न्हाय, नाकापाशीच थांबतो, पण सलाम म्हंजे सलाम.) तुझे गुडघे कसे हायत? तेल चोळतीस का निस्ती बाटली उशाला घेऊन झोपतीस? देवाच्या दयेनं हितं आमी सगळी बरी हाय. सासूबाईंची शुगर वाढली हुती, आता उतरली म्हणत्यात, पण जिलेबीचा पुडा कुटं ठेवलाय ते घरात त्यांनाच तेवढं ठाऊक असतं. पिंकीला दात यायलेत, म्हणून जे हाताला लागंल ते तोंडात घालती. परवा पाळकसाहेब तिला आशीर्वाद द्यायला आलते तर त्यांचं बोट चावलं. साहेबांनी आशीर्वाद पुरा केला पण शेवट जरा घाईत झाला.

फोन का केला न्हाय म्हणशील. तुझा फोन त्या शेजारच्या सिद्धेश्वरीकडं असतो आन ती स्पीकर लावल्याबिगर बोलूच देत न्हाय. मला सांगायचंय त्यातलं अर्धं गल्लीला ऐकवण्यासारखं हाय आन अर्धं न्हाय. माझं शिक्षण सातवीपत्तरच झालं, अक्षर कोंबडीच्या पायावानी हाय, पण तू बारीक अक्षराचं बायबल वाचतीस, मग हे बी वाचशील.

तर गल्लीला ऐकवायचं ते पयलं सांगते. तू मागं आलतीस तवा घाईत अर्धंमुर्धं ऐकलंस, आता नीट ऐक. तुझा जावई मिशनरी झाला! तू लहानपणी मला सांगायचीस की आपल्या सोलापुरात मिशनरी यायचे ते जहाजातनं, उन्हानं लाल झालेले साहेब आन घोळदार झग्याच्या मडमा, आन आपल्या पणजोबाला पाटीपेन्सिल त्यांनीच हातात दिली. आता ते उलटं झालंय. आता सोलापूरनं माणूस भायेर धाडायचा असं ठरलंय, आन तो माणूस कोण, तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करणारा, शर्टाचं वरचं बटन लग्नात बी न लावलेला आपला माणूस. आफ्रिकेत मलावी म्हणून देश हाय. तितल्या मंडळीनं बायाबापड्यांना विणकाम शिकवायला एक शाळा काढलीय. माग आणून ठेवलेत, पण ते बसवून, चालवून, शिकवणारं कुणी न्हाय. दोन वरसं ऱ्हायचं, मी आन पिंकी बी संगं. (आत्या, मलावी नकाशात बघितलं. ह्यांनी बोट ठेवून दाखवलं, तर देश बोटाखाली झाकूनच गेला.)

तू म्हणशील, सोलापूरच्या मंडळ्यांचं एकमत झालंच कसं? ते मला बी अजून कळलं न्हाय. ख्रिस्ती ऐक्य समिती हाय ना आपली, तिला लई वरसं झाली, पण ती जमायची कवा हेच ठरत न्हाय. आयतवारी जो तो आपापल्या देवळात. शनवारी शब्बाथ पाळणारी मंडळी प्रार्थनेवरनं उठत न्हाय. शुक्रवारी तेलुगू मंडळीचा उपास, त्या दिवशी त्यांना चहा बी विचारता येत न्हाय, आन चहाबिगर बैठक म्हंजे आपल्या लोकांना अंत्यविधीच वाटतो. बुधवारी घरोघर प्रार्थना. सोमवारी पाळकांची सुट्टी, गुरुवारी गाण्याची तालीम. उरला मंगळवार, तर त्या दिवशी बायकांना बाजार. गेल्या नाताळाला ऐक्याची मिरवणूक काढली तर पुढं कुणाचा तारा धरायचा ह्यावरनं दोन तारे झाले. नवी पेठेत दोन्ही तारे एकमेकात अडकले, मागं रिक्षांची रांग लागली, पुढची माणसं मराठीत गायली, मागची तेलुगूत, आन मधी कानडी मंडळी अडकली हुती ती बिचारी निस्ती टाळ्या वाजवत घरापत्तर गेली. एक रिक्षावाला म्हणला, "ओ मावशी, तुमच्यात दोन येशू जन्मले काय बे?" सासूबाईंनी त्याला असं बघितलं की त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

पण ह्यांचं नाव निघालं आन सगळ्यांचं एकदम जुळलं. त्याचं कारण ह्यांचं ढोलक. तुला म्हायती हाय की सोलापुरात गाणारे गल्लोगल्ली हायत, पण ठेका धरणारा एकच. सकाळी हे आपल्या मराठी भक्तीला वाजवत्यात, तितनं सायकल मारून दुपारी तेलुगू मंडळीत, संध्याकाळी कानडी मंडळीत, आन नाताळाच्या मिस्साला फादरच्या देवळात. मधल्या वेळात सायकलच्या कॅरियरवर ढोलक, ढोलकावर पिंकीचं दुपटं. तर प्रत्येकाला वाटतं की हा आमचाच. बैठकीत पाळकसाहेब म्हणले, आमचा अभिमन्यू. तेलुगू मंडळीचे प्रभुदास पास्टर म्हणले, आमचा पोरगा. कानडी मंडळीचे महादेवप्पा पास्टर टेबलावर हात मारून तेच त्यांच्या भाषेत म्हणले, "नम्म हुडुगा!" आन फादर निस्तं हसून म्हणले, "म्हणजे मी काय परक्याला दर नाताळाला केक देतो?" मतदान करायची गरजच पडली न्हाय. आत्या, मला त्या दिवशी लई भरून आलं. चार देवळं ज्याला आपला म्हणत्यात तो माझ्या हातची भाकरी खातो की.

सासूबाईंचं तर इचारूच नगं. त्या बाजाराला आता पिशवी न घेताच जात्यात, म्हंजे बोलायला हात मोकळे राहत्यात. कुणी म्हणलं, "पोरगा दुबईला चाललाय म्हणं?" की त्या जागेवर थांबत्यात. "दुबईला लोक आणायला जात्यात. आमचा द्यायला चाललाय." "काय द्यायला ओ?" "ते तितं गेल्यावर ठरंल," म्हणत्यात आन पुढं चालायला लागत्यात.

आता गल्लीला न सांगायचं. आत्या, मला भ्या वाटतं. मी कुर्डुवाडीच्या पलीकडं कवा गेले न्हाय. विमान म्हणलं की माझ्या पोटात मागाचा धोटा पळाल्यावानी काहीतरी पळतं. पण ते बी सोसलं असतं. खरं भ्या पिंकीचं हाय. गेल्या पावसाळ्यात तिला तापात झटका आलता ते तुला सांगितलं हुतं. तिचे डोळे वर गेले तवा मी निस्ती किंचाळले, दुसरं काय बी केलं न्हाय मी. पण तेवढ्यानंच समोरची शिवबाई (कानडी मंडळीतली, उंच; म्हातारी शिवबाई न्हाय, ही दुसरी) अनवाणी रिक्षा आणाय पळाली, खालच्या तेलुगू बाईनं ओलं फडकं पोरीच्या अंगावर टाकलं, आन डॉक्टरकडं जाईपत्तर रिक्षात पिंकी कुणाच्या मांडीवर हुती तेच मला आठवत न्हाय, इतक्या मांड्या हुत्या. आता मलावीत मी किंचाळले तर कोण येईल? आन किंचाळायचं तरी कुठल्या भाषेत? हे मी घरात, गल्लीत कुणाला बोलले न्हाय. सगळं सोलापूर अभिमानानं फुगलेलं असताना मी टाचणी कशी लावू?

आता ऐक. आमचे कागद व्हिसासाठी गेले आन समितीनं ठरवलं की व्हिसा यावा म्हणून सगळ्या मंडळ्यांनी मिळून एक पाठवणीची प्रार्थना घ्यायची. शाळेच्या पटांगणावर मांडव टाकला. (मांडव कुठल्या मंडळीचा लावायचा ह्यावर वाद नगं म्हणून एका मुसलमान मंडपवाल्याकडनं आणला. त्यानं सगळ्यांना सारखंच उशिरा दिला.) आख्खं ख्रिस्ती सोलापूर आलतं. आमाला तिघांना स्टेजवर खुर्च्या. हे ढोलक मांडीत घेऊन, मी नवी साडी नेसून, आन पिंकी माझ्या मांडीवर, म्हणून तिच्या खुर्चीत सासूबाई. कार्यक्रम सगळ्यांना सारखा वाटून दिलता. पाळकसाहेबांनी पुस्तकातली प्रार्थना वाचली, प्रत्येक ओळीला लोक आमेन म्हणले. फादरनी आशीर्वाद दिला, आमेन. महादेवप्पा पास्टरनी कानडी गीत म्हणलं, त्याला बी कुणीतरी आमेन म्हणलं. मग प्रभुदास पास्टरची पाळी आली.

त्यांच्यात प्रार्थना कशी असती तुला ठाऊक न्हाय. एकानं बोलायचं आन बाकीच्यांनी डोळं मिटायचं असलं काय न्हाय. सगळ्यांनी एकदम, मोठ्यानं, आपापलं मागायचं. पास्टर म्हणले, "तोंड उघडा, मागून घ्या!" आन आत्या, जो आवाज उठला! मागाच्या शेडमधी शंभर माग चालू झाल्यावर जसं कानात दुसरं काय शिरत न्हाय, तसं. आपली मराठी माणसं आधी बावचळली, मग लाजत लाजत पुटपुटायला लागली, मग त्यांना बी चव लागली आन ती बी ओरडाय लागली. माझ्या शेजारी सासूबाई मोठ्यानं प्रार्थना करायल्या हुत्या, त्यात माझं नाव यायलं हुतं, पण काय म्हणत हुत्या ते ऐकू आलं न्हाय. देवानं ऐकलं असंल.

मला वाटलं, आता कोण ऐकतंय? हीच येळ हाय. मी डोळं गच्च मिटलं आन मनातलं सगळं भायेर काढलं. आन मला हे ठाऊक न्हाय की त्यांच्यात पास्टरनी घंटी वाजवली की सगळ्यांनी जागच्या जागी गप व्हायचं असतं. त्यांच्या माणसांना ते ठाऊकच असतं, म्हणून कुणी सांगत न्हाय. आन मला हे बी कळलं न्हाय की पिंकीनं गाणाऱ्याचा माईक दोन्ही हातानं वढून चावायला घेतलाय, आन पिंकीचं तोंड तितं माझं तोंड.

घंटी वाजली. सगळं पटांगण गप झालं. आन त्या गप्पपणात, चारी कोपऱ्यांच्या भोंग्यांतनं, तुझ्या अपेक्षाचा आवाज:

"...मलावीत बी तूच हायस ना देवा, मग तितलं तू बघ की! माझा आन माझ्या पोरीचा व्हिसा काय केल्या येऊ देऊ नगंस!"

आन आत्या, माणसाची सवय बघ. प्रार्थना थांबली की आमेन म्हणायचं, हे आपल्यात लहानपणापासनं हाडात भिनलेलं हाय. मराठी मंडळी म्हणली, "आमेन." ते ऐकून फादरची माणसं म्हणली, "आमेन." कानडी, तेलुगू, शनवारची, सगळी. तो एक शब्द सगळ्यांच्यात सारखाच की! सोलापुरात इतकं मोठं, इतकं एका दमात आमेन कुणी ऐकलं न्हाय. कावळे उडाले. ज्यांना मराठी येत न्हाय त्यांनी वर "हालेलूया" म्हणून टाळ्या बी वाजवल्या. मग ज्यांना येतं ती माणसं एकेक करून माझ्याकडं बघाय लागली.

ह्यांचा हात ढोलकावर पडला, एकच, धप्. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला. पाळकसाहेब उठले, चष्मा पुसला आन म्हणले, "आपण आता गीत गाऊ." कुठलं गीत ते सांगितलंच न्हाय. प्रत्येकानं आपापलं चालू केलं.

चहाला जे झालं ते मी मांडवाच्या खांबामागनं ऐकलं. मोठा प्रश्न पडलता की एकदा म्हटलेलं आमेन माघारी घेता येतं का. पाळकसाहेब म्हणले, आमेन म्हंजे तसंच होवो, म्हटलं ते म्हटलं. प्रभुदास पास्टर म्हणले, ह्याच्यावर मोठा उपास धरून दुसरं आमेन म्हणू. महादेवप्पा पास्टर म्हणले, आधी सगळे व्हिसा येवो म्हणून मागत हुते, ते मोजायचं का न्हाय? फादर म्हणले, "देव मनातलं ऐकतो. पोरगी घाबरलीय, एवढंच त्याला ऐकू गेलं असेल." ह्यावर विचार करायला समितीची खास बैठक घ्यायची ठरली. तिचा वार अजून ठरला न्हाय.

घरी आल्यावर सासूबाई म्हणल्या, "आता मी बाजाराला कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हणले, "पिशवी घेऊन जावा." (बोलले मी. नंतर मलाच नवल वाटलं.) हे खाली बसून ढोलकाच्या दोऱ्या वढत बसले. वढता वढता म्हणले, "मला आधी का न्हाय सांगितलंस?" मी म्हणले, "तुमी एवढे धीराचे, तुमाला कसं सांगू?" तर म्हणले, "मी कुठला धीराचा? तू गप हुतीस म्हणून मला वाटलं तुला भ्या न्हाय. तुला बघून मी व्हय म्हणलो." म्हंजे बघ आत्या, आमी दोघं एकमेकांच्या धीरावर मलावीला निघालतो, आन धीर दोघांकडं बी नव्हता. मग आमाला हसू आलं. ते थांबंना. सासूबाई आतनं ओरडल्या, "लाज गेली का दात दाखवायला!"

मला वाटलं आता चारी मंडळ्यांत मला कुणी सलाम बी करणार न्हाय. तर दुसऱ्या दिवशी शिवबाई आली. दारातच म्हणली, "मी बी आमेन म्हणले हुते गं, आन मी चुकून न्हाय म्हणले. तू गेलीस तर माझा दिवस जायचा न्हाय." मग खालची तेलुगू बाई कडक भाकरी घेऊन आली. मग फादरच्या देवळातल्या दोघी, एकीनं शेंगाची चटणी आणली, दुसरीनं चादर. मग आपल्या महिला मंडळाच्या बाया, त्यांनी बी चादरी. (मलावीत उकडतं म्हणत्यात, पण सोलापूरच्या माणसानं चादरीबिगर कुटं जायचं न्हाय असा नियम असल्यावानी झालंय.) ओट्यावर बसून ज्या त्या आपापली भीती सांगाय लागल्या. एक म्हणली, लग्न होऊन बार्शीवरनं हितं आले तवा वरीसभर न्हाणीत रडत हुते. एकीची पोरगी नर्स म्हणून परदेशात हाय, तिचा फोन लागला न्हाय की हिला जेवण जात न्हाय. आन बोलता बोलता त्यांनी ठरवून टाकलं. माझ्यासाठी वार वाटून घेतले. सोमवारी तेलुगू बाया मला फोन करणार, मंगळवारी बाजारातनं आल्यावर कानडी, बुधवारी आपल्या, असं आयतवारपत्तर. पिंकीला शिंक आली तरी ज्या वाराची जी बाई असंल तिला सांगायचं, आन मग ती सगळ्यांना सांगणार. त्या नर्स पोरीला तितनंच फोन लावला, ती म्हणली, तापाचं काय करायचं ते मी फोनवर तुला पाठ करून घेते. आत्या, समितीला जो वार इतकी वरसं सापडला न्हाय, तो माझ्या ओट्यावर बायकांना भाकरीचा तुकडा मोडता मोडता सापडला. मला त्यांचा इतका गर्व वाटला की मी सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा ठेवला. शुक्रवार हुता, तरी तेलुगू बाई म्हणली, "अर्धा दे."

मग व्हिसा आला. ह्यांचा. माझा आन पिंकीचा न्हाय आला. अजून "विचार चालू हाय" म्हणत्यात.

बघ आत्या. मी जे मागितलं, शब्दाला शब्द तेच झालं. आता गावभर माझं नाव झालंय. प्रभुदास पास्टर म्हणत्यात, हिच्या प्रार्थनेत ताकद हाय. लोक माझ्याकडं यायलेत! एक म्हातारा आप्पा त्याच्या नातवाच्या नोकरीसाठी आलता, एक बाई जावयाची दारू सुटावी म्हणून आली. सासूबाई आता त्यांना पाटावर बसवत्यात आन "तिला जरा वेळ हाय का बघते" म्हणून आत येत्यात, मी समोरच भांडी घासत असते तरी. आता त्या बाजारात पोराचं सांगून झालं की सुनेचं सांगत्यात.

पण माझा जीव लागंना. परवा हे बॅग भरायले हुते. त्यात त्यांनी पिंकीचं एक झबलं गुपचूप घातलं, न धुतलेलं. मी बघितलं ते त्यांना ठाऊक न्हाय. दोन वरसं हा माणूस त्या झबल्याचा वास घेत एकटा बसणार, आन आमी हितं सगळ्या मांड्यांच्या मधी सुखात? मला न्हाय जमायचं. मी आत गेले आन ह्या खेपेला तोंड मिटून सांगितलं, देवा, मागचं जाऊ दे, आमाला बी धाड. भ्या गेलं न्हाय आत्या. भ्या हाय तितंच हाय. पण आता ते बी संगं घेऊन जाऊ म्हणते, चादरीच्या घडीत बसंल. आपल्या पणजोबाला शिकवायला ती मडम आली असंल, तिच्या बी पोटात धोटा पळाला असंल की. तिनं कुणाला सांगितलं नसंल एवढंच. आता माझी पाळी हाय आन मी भवानी पेठेची हाय. ईस्टर झाला की ह्यांचं विमान. तवर आमचा व्हिसा आला तर तिघं संगं.

तुला उन्हाचं जपायला सांगते. सिद्धेश्वरीला सलाम सांग, पण पत्र दाखवू नगंस. जावई पाया पडतो म्हणालेत, पण ते आता बाजूलाच घोरायलेत, म्हणून माझंच मी लिवते.

तुझी लेकीसारखी,
अपेक्षा

ता. क. आत्या, हे पत्र ज्याच्यासाठी लिवलं ते आता लिवते. ह्यांचं नाव ठरलं त्या आठवड्यात तू आलतीस, तवा न्हाणीपाशी मी तुझ्या कानात सांगितलं हुतं की आमाला जाऊ देऊ नगं म्हणून देवाला माग. तू म्हणलीस, शुक्रवार धरते. सगळं सोलापूर मला मोठी प्रार्थनेची बाई समजतंय, पण व्हिसा कुणी अडवून धरलाय ते मला चांगलं ठाऊक हाय. तू मागितल्यावर तुझी बसलेली म्हैस बी उठती. तर हात जोडते, तो उपास सोड. ह्या शुक्रवारी पोटभर जेव, वर गूळ खा. आन मग एक दिवस उलटा धर, आमाला जाऊ दे म्हणून.

ता. क. दुसरं. उलटा धरशील तवा एवढं मागण्यात घाल की विमानात मला खिडकीपाशी बसवू नगं. ह्यांना सांगू नगंस, त्यांना वाटतं मी बसणार हाय.